फिर्यादीच्या घरचा डबा

नोकरी संपून आता काही वर्षं झाली. या काळात पुष्कळ गुन्ह्यांचे तपशील डोक्यातून गेले. कलमं गेली, तारखा गेल्या, काही चेहरेही गेले. पण मास्तरांचं नाणं हरवलं ती घटना मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. कुणी मला "साहेब, तुमची सगळ्यात अवघड केस कोणती?" असं विचारलं की मी हीच सांगतो. ऐकणारे हसतात. एका नाण्यात कसली आली अवघड केस, असं त्यांना वाटतं.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात आर्णीकडच्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांचीही सांगणार नाही. त्यातले बहुतेक जण अजून तिथंच राहतात. मोठं बाजाराचं गाव. कापूस, तूर, सोयाबीन पिकवणारी कुटुंबं गावात आणि गावापासून थोडं दूर एक तांडा. तांड्यातल्या लोकांच्या मागच्या पिढ्या बैलांवर माल लादून देशभर फिरल्या. आताची पिढी स्वतःची शेती करते. घरात गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बाजारात वऱ्हाडी. गाव आणि तांडा यांचं रोजचं येणंजाणं चांगलं होतं. बिघडायचं ते फक्त जानेवारीत, कबड्डीच्या सामन्यांच्या वेळी.

एका वर्षी तर नुसत्या टॉसवरून डोकी फुटली होती. नाणं वर उडवणाऱ्यानं ते हातात झेलताना उलटं केलं, असा आरोप झाला आणि मैदानातल्या बांबूच्या काठ्या लोकांच्या हातात आल्या. त्यानंतर दोन्ही बाजूंनी बसून ठरवलं की यापुढे पंच एकच, शाळेतले निवृत्त पी.टी.चे मास्तर, आणि टॉस होणार तोही फक्त मास्तरांच्या चांदीच्या नाण्यानं.

त्या नाण्याबद्दल सांगायला हवं. मास्तरांनी आपल्या नोकरीच्या काळात गावातल्या मुलींना कबड्डीच्या मैदानावर उतरवलं. पहिली मुलगी उतरली तेव्हा तिच्या घरच्यांनी मास्तरांच्या दारात येऊन शिव्या दिल्या होत्या. ती मुलगी पुढे नर्स झाली आणि परदेशात, बर्फाच्या मुलखात नोकरीला गेली. तिथं बर्फावरच्या खेळांची मोठी स्पर्धा भरली, त्या स्पर्धेची आठवण म्हणून सरकारनं चांदीचं नाणं काढलं. तिनं ते विकत घेतलं आणि गावाकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती मास्तरांना पाठवून दिलं. निरोप एवढाच, "सर, तुम्ही मैदान दाखवलं नसतं तर मी इथवर आले नसते." मास्तर ते नाणं हातात घेऊन अंगणात किती तरी वेळ नुसते बसून राहिले होते, असं गावकरी सांगत.

नाण्याच्या एका बाजूला पायांना लांब फळ्या बांधून, दोन्ही हातांत काठ्या घेऊन उतारावरून सुसाट निघालेला माणूस. दुसऱ्या बाजूला आकडा आणि परक्या लिपीतली अक्षरं. आमच्याकडे बर्फ दिसतो तो रसवंतीवाल्याच्या पोत्यात गुंडाळलेला. त्यावरून माणसं घसरत जातात आणि त्याच्या शर्यती लागतात, हे पटवून द्यायला मास्तरांना पुष्कळ बोलावं लागलं. पण खेळाडूंना त्याचं काही नव्हतं. कप्तान "माणूस" म्हणायचे किंवा "आकडा" म्हणायचे, मास्तर नाणं उडवून जमिनीवर पडू द्यायचे आणि त्यावर कुणी शब्द काढायचा नाही.

त्या वर्षी अंतिम सामना नेमका गाव विरुद्ध तांडा असा आला. मी बंदोबस्ताचं नियोजन करत बसलो होतो तेवढ्यात मास्तर ठाण्यात आले. पांढरा सदरा, गळ्यात शिट्टी, ताठ कणा. नेहमी दारातूनच सगळ्यांना नमस्कार करणारा माणूस त्या दिवशी न बोलता खुर्चीत बसला.

"साहेब, नाणं गेलं," ते म्हणाले.

"कुठून?"

"घरातून. भिंतीतल्या कपाटात ठेवलेलं असते. आज साफ कराले काढावं म्हटलं, त डबी रिकामी."

"कुलूप तुटलंय? आणखी काही गेलंय?"

"कायी नाई. बाकी सारं जागच्या जागी आहे."

"कुणावर संशय?"

त्यांनी जोरजोरानं मान हलवली. "कोनावर बी नाई. लिहून घ्या तसंच. कोनाचं नाव माह्या तोंडून निघनार नाई."

मी तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि चौकशी आमच्या एका जुन्या हवालदाराकडे दिली. हा हवालदार त्याच भागात वाढलेला, निवृत्तीला आलेला, तोंडानं फटकळ पण कानांचा पक्का. त्यानं जाऊन कपाट पाहिलं, काकूंना म्हणजे मास्तरांच्या बायकोला चार प्रश्न विचारले. काकू म्हणाल्या, "मी सैपाकघरात राह्यतो बावा, मले काय ठाव?" एवढं बोलून त्या चहा ठेवायला उठल्या.

नाणं गेल्याची बातमी सकाळपर्यंत गावभर झाली. कुणी म्हणे तांड्यातल्यांनी पळवलं, म्हणजे दुसऱ्या नाण्यानं टॉस होईल आणि त्यात हातचलाखी करता येईल. तांड्यात म्हणत होते की गाववाल्यांनीच लपवलं, आमच्या नावावर घालायला. चांदीचं मोल कुणी विचारतच नव्हतं. टॉसचा प्रश्न होता, आणि टॉसच्या मागे जुनी फुटलेली डोकी होती.

तेवढ्यात खबर आली. चौकातला पानठेलेवाला आमचा खबऱ्या होता. त्यानं हवालदाराला सांगितलं की तांड्याच्या संघातला एक पोरगा, चढाई करणारा त्यांचा पहिल्या नंबरचा रेडर, दोन दिवसांपूर्वी भर दुपारी मास्तरांच्या घरातून बाहेर पडताना दिसला. मास्तर तेव्हा मैदानावर होते. पोरगा मान खाली घालून, डोळे पुसत, गाडीला किक मारून निघून गेला.

अशी खबर आली की पोलिसाला चौकशी करावीच लागते. मी त्याला सकाळी ठाण्यात बोलावून घेतलं. बावीस-तेवीसचा असेल. उंच, काटक, गुडघ्यांवर मैदानाच्या मातीच्या खुणा. मास्तरांच्याच हाताखाली तयार झालेला. मी त्याला समोर बसवलं, चहा मागवला.

"मास्तरांच्या घरी गेला होतास?"

"हो साहेब. गेलतो."

"मास्तर घरी नसताना?"

"हो."

"कशासाठी?"

तो गप्प.

"नाणं तू घेतलंस?"

त्यानं सरळ माझ्याकडे पाहिलं. "नाई साहेब. म्या हात बी नाई लावला."

"मग कुणी घेतलं?"

नजर जमिनीवर.

"अरे, नाही म्हणतोस तर नीट सांग ना. कशाला गेला होतास तिथं?"

"साहेब, तेवढं नका विचारू. मारलं त मार खाईन. पन सांगता येनार नाई."

आमच्या ठाण्यात मारणं हा विषय नव्हता, ते मी त्याला सांगितलं. मग मीही गप्प बसलो. खोटं बोलणाऱ्या माणसाला शांतता सहन होत नाही, हा माझा अनुभव आहे. समोरचा अधिकारी बोलेनासा झाला की तो आपणहून गोष्टी सांगायला लागतो, न विचारलेले खुलासे करतो, देवाच्या शपथा घेतो. हा पोरगा त्यातलं काहीच करत नव्हता. चहा थंड होऊन साय धरली तरी तो तसाच बसून होता. हवालदारानं आवाज चढवून पाहिला, समजुतीनं विचारून पाहिलं. उपयोग नाही. अटक करण्याजोगा पुरावा नव्हता आणि तसं सोडून द्यावं तर बाहेर बातमी फुटलेली. मी त्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसायला सांगितलं.

दुपारपर्यंत तांड्यातली माणसं फाटकाबाहेर जमली. सगळ्यांत पुढे तांड्याचे नायक, म्हणजे तिथले प्रमुख, आणि त्या पोराची आई. नायक वयानं मोठे, बोलणं संथ. मला म्हणाले, "साहेब, आमच्या आज्याच्या टायमाले कुठं बी चोरी झाली का पह्यले तांड्यावर पोलीस येत होते. आम्ही फिरनं सोडलं, शेती केली, पोरं शिकवली. अन आज बी पह्यला आमचाच पोरगा बसवला तुमी." त्यांनी आवाज जराही वाढवला नाही, म्हणून ते ऐकायला जास्त जड गेलं. रस्त्याच्या पलीकडे गावातली पोरंही उभी राहू लागली होती. मी जिल्ह्याला फोन करून जादा माणसं मागवावीत का, याचा विचार करत होतो.

नेमक्या त्याच वेळी एक ऑटोवाला आत आला आणि त्यानं हवालदारापुढे कापडात बांधलेला डबा ठेवला.

"कोणाचा?" हवालदारानं विचारलं.

"त्या बसवलेल्या पोराले द्याचा आहे. मास्तरच्या घरून काकूनं देला. मास्तरले सांगू नका म्हने."

हवालदार डबा तसाच उचलून माझ्या खोलीत आला. "साहेब, माही सारी नोकरी झाली. संशयिताले त्याच्या घरून डबा येते, सासुरवाडीहून येते, पुढाऱ्याकडून येते. पन फिर्यादीच्या घरून डबा आलेला म्या आज पाह्यला!"

आम्ही नियमाप्रमाणे डबा उघडून पाहिला. दोन ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, जवसाची चटणी आणि वर तिळाचे लाडू. भाकरी गरम होत्या. बाहेर नेऊन दिला तेव्हा त्या पोरानं झाकण काढलं, भाजीकडे पाहिलं आणि इतका वेळ दगडासारखा बसलेला तो, हुंदके देऊन रडायला लागला. रडत रडत त्यानं सगळा डबा संपवला.

मी गाडी न घेता, साध्या कपड्यांत मास्तरांच्या घरी निघालो. मास्तर मैदानावर होते. नाणं नसलं तरी चुन्याच्या फक्कीनं रेघा आखायचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. काकू अंगणात तूर पाखडत बसल्या होत्या. मला पाहून सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि पहिला प्रश्न विचारला,

"जेवला का तो?"

"जेवला. रडला आणि जेवला."

"मारलं त नाई न त्याले?"

"नाही, काकू. कुणीच हात लावला नाही." मी समोरच्या पायरीवर बसलो. "आता तुम्हीच सांगा. नाणं कुठं आहे?"

त्या उठल्या, आत गेल्या आणि तुरीच्या डाळीचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. कोपरापर्यंत हात डाळीत घालून त्यांनी नाणं बाहेर काढलं, पदराला पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"म्या लपवलं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. आठवड्यापूर्वी एका सामन्यानंतर मास्तरांना मैदानावरच चक्कर आली. लोक पांगले होते. तांड्याचा हा पोरगा जवळ होता. त्यानं त्यांना आपल्या गाडीवर बसवून आर्णीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सांगितलं की हृदयाचं दुखणं आहे. उन्हात उभं राहणं, शिट्ट्या फुंकणं, धावपळ करणं आता बंद. परतताना मास्तरांनी पोराकडून वचन घेतलं, की हे कुणालाही कळता कामा नये, घरी काकूला तर नाहीच. पण बाजारात डॉक्टरच काकूंना भेटले. घरी माहीत असणारच, या समजुतीनं म्हणाले, "सरांना जपा हो, मैदानावर पाठवू नका."

"मले त काईच माईत नोतं साहेब. भाजीची थैली तशीच ठेवून घरी आलो. हे घरी आले, हसून बोलले, जेवले. म्हटलं विचारावं, त हे म्हनतीन काई नाई झालं. चाळीस वर्षं झाली, मी वळखतो न त्याईले! मंग त्या पोराले बलावलं, डॉक्टरकडे त्यानंच नेलं होतं म्हने. त्याले विचारलं. त्यानं तोंड नाई उघडलं, पन डोये भरले त्याचे. मले समजलं."

"आणि नाणं?"

"नाणं नाई त टॉस नाई. टॉस नाई त सामना नाई. सामना नाई त हे घरी राह्यतीन. माहं डोकं तेवढंच चाललं. त्याच्या डोयादेखत डाळीत टाकलं अन म्हटलं, कोनाले सांगशीन त माही शपथ आहे तुले."

आता मला त्या पोराचं गप्प बसणं उलगडलं. नाणं कुठं आहे ते सांगावं तर काकूंची शपथ मोडते. काकूंनी ते का लपवलं हे सांगावं तर मास्तरांना दिलेला शब्द मोडतो. दोन्ही माणसं त्याला आईबापाच्या जागी. म्हणून तो चोराचं नाव पत्करून बाकावर बसला होता.

मी काकूंना मार्ग सुचवला. "मी सांगतो की नाणं घरातच पडलेलं सापडलं. कपाटामागे गेलं होतं. विषय संपेल. तुमचं नाव येणार नाही."

त्यांनी लगेच मान हलवली. "नाई. तसं केलं त लोक म्हनतीन, पोलिसाच्या धाकानं त्यानं आनून टाकलं. जलमभर त्याच्या नावावर डाग राहीन. त्याचं लगन व्हाचं आहे अजून. नाणं मले द्या. तुमी पुढं व्हा, मी आलो."

"मी गाडी पाठवतो."

"गाडी कायले? चालत येतो. लोकाईले दिसू द्या."

ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात नाणं धरून काकू भर बाजारातून चालत ठाण्यावर आल्या. वाटेत कुणीतरी मैदानावर सांगितलं असावं. मास्तरही धापा टाकत पोहोचले, हात चुन्यानं पांढरे झालेले. फाटकाबाहेर एका बाजूला तांडा, दुसऱ्या बाजूला गाव. काकू मधोमध उभ्या राहिल्या. चारचौघांत मोठ्यानं बोलायची त्यांना सवय नव्हती, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"नाणं कोनी चोरलं नाई. म्या लपवलं, माह्या घरात. ह्या पोराचा काई गुन्हा नाई. त्याले माईत होतं, पन म्या शपथ घातली होती. ज्याले जे बोलाचं ते मले बोला."

मास्तर पुढे आले. सगळ्यांना वाटलं आता हे भडकणार. शिस्तीचा माणूस, त्यात फिर्यादी स्वतः. त्यांनी हळूच विचारलं, "काहून वं?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मघाचा धीर आता सुटला. "काहून म्हंता? तुमी मैदानात पडले अन मले बाजारात समजते! एक डाव बाईले सांगावं वाटलं नाई तुमाले? मी काय परकी आहो?"

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी वळून व्हरांड्यातल्या पोराकडे पाहिलं. "तुनं सांगतलं का रे?"

"नाई सर."

"त्याले कायले विचारता?" काकू म्हणाल्या. "सकाळपासून बसून आहे तो अथी. तुमचं बी नाई सांगतलं अन माहं बी नाई."

मास्तर चालत बाकापर्यंत गेले आणि त्या पोराच्या शेजारी बसले. चुन्याचा हात त्याच्या पाठीवर ठेवला. काळ्या शर्टावर पाचही बोटं उमटली. मग घसा खाकरून म्हणाले, "लेका, येवढा दम तुनं रेड टाकताना कधी धरला नाई रे!"

पहिल्यांदा हसला तो आमचा हवालदार. मग नायक हसले, मग रस्त्याच्या दोन्ही बाजू हसल्या. त्या पोराची आई तेवढी हसली नाही. ती काकूंजवळ गेली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि गोरबोलीत काहीतरी म्हणाली. मला समजलं नाही, काकूंना समजलं असावं. दोघीही डोळे पुसत होत्या.

मी अर्जावर शेरा मारला: वस्तू फिर्यादीच्या राहत्या घरीच मिळून आली, फिर्यादीची कुणाविरुद्ध तक्रार नाही, सबब अर्ज निकाली. बाकीचं लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना झाला. मास्तरांना लिंबाच्या सावलीत खुर्ची दिली. शिट्टी त्यांनी एका तरुण शिक्षकाच्या गळ्यात घातली. घालताना हात थोडा थांबला, पण घातली. टॉसची वेळ आली तेव्हा दोन्ही कप्तान आपसात काही बोलले आणि सरळ काकूंकडे गेले. काकू लाजून नको नको म्हणत होत्या. शेवटी उठल्या. नाणं कसं उडवतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ते पाखराला दाणे फेकावेत तसं भिरकावलं. ते मंडपाच्या ताडपत्रीवरून घरंगळत प्रेक्षकांत पडलं. सगळं मैदान वाकून नाणं शोधू लागलं. गावातल्या एका म्हाताऱ्याच्या धोतराच्या ओच्यात ते सापडलं, माणूस वर. दोन्ही संघांनी ते मान्य केलं. त्या दिवशी तांडा हरला, थोडक्यात हरला, आणि माझ्या बंदोबस्तातल्या शिपायांनी काठी उचलण्याऐवजी टाळ्या वाजवल्या.

पोलिसाच्या नोकरीत माणूस गप्प बसला की त्याला काहीतरी लपवायचं आहे, असं आम्ही धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण लपवायचं म्हणजे नेहमी स्वतःचं पाप असतं असं नाही. कुणी दुसऱ्याचं दुखणं लपवतो, कुणी दुसऱ्याची काळजी. या प्रकरणात तिघांनीही काहीतरी लपवलं होतं आणि तिघांनीही ते दुसऱ्यासाठी लपवलं होतं. तरीही त्यातून एका निरपराध पोरावर संशय आला आणि दोन वस्त्या रस्त्यावर आल्या. मायेपोटी झाकलेली गोष्टही कुणाला तरी लागतेच. ती वेळीच उघडी करायला धीर लागतो, आणि तो काकूंनी माझ्यासारख्या वर्दीवाल्याच्या आधी दाखवला. त्यानंतर चौकशीत कुणी गप्प बसलं की मी "काय लपवतोस?" असं विचारायच्या ऐवजी "कुणासाठी लपवतोस?" असं विचारू लागलो. या एका प्रश्नानं पुढे माझी बरीच कामं सोपी केली.

आता मीही सत्तरीकडे झुकलोय. रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि उन्हाळ्यात भर दुपारी मोटारसायकल काढून जुन्या मित्रांकडे जायची खोड काही सुटत नाही. हल्ली मे महिना आला की माझ्या गाडीची चावी हमखास हरवते आणि ऊन उतरल्यावर आपोआप खुंटीवर येऊन बसते. घरात आम्ही नवराबायको दोघंच, म्हणजे संशयित एकच आहे. मी अजून फिर्याद दिलेली नाही.